दोन इंजिनांची कसोटी
(व्याख्यानाचा मजकूर)

बंगळूर येथे २४ जून १९६१ रोजी एक समारंभ झाला. भारतात आखलेले आणि भारतातच बांधलेले पहिले जेट लढाऊ विमान तत्कालीन संरक्षणमंत्री श्री. व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या उपस्थितीत आकाशात झेपावले. एच. एफ. २४ हे त्याचे नाव. पुढे ते ‘मरुत’ या नावाने प्रसिद्ध झाले. देशाच्या दृष्टीने तो दिवस अभिमानाचा होता. परंतु त्या विमानाचे खरे पहिले उड्डाण त्याआधी एक आठवडा, १७ जून रोजी, कोणताही गाजावाजा न करता झाले होते. विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते विमान उडविले, सुखरूप खाली आणले आणि त्यानंतरच समारंभाचा मार्ग मोकळा झाला. आधी चाचणी आणि मग समारंभ हा क्रम विमानविद्येत कटाक्षाने पाळला जातो. या क्रमामागे मोठी शिस्त आहे, तिच्यासाठी मोजलेली किंमतही मोठी आहे. त्या शिस्तीची ओळख करून देणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

उड्डाणयोग्यता म्हणजे काय?

विमान उडते एवढ्यावरून ते उड्डाणयोग्य ठरत नाही. ठरवून दिलेल्या मर्यादांत, ठरवून दिलेल्या वजनासह, सामान्य कौशल्याच्या वैमानिकाच्या हाती ते पुनःपुन्हा सुरक्षितपणे उडू शकेल आणि एखादा भाग निकामी झाला तरी वैमानिकाला सुटकेचा मार्ग उरेल, अशी खात्री पटल्यावरच त्यास उड्डाणयोग्य म्हणतात. यातील ‘सामान्य कौशल्याच्या वैमानिकाच्या हाती’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. चाचणी-वैमानिक हा असामान्य कौशल्याचा असतो. बिघडलेले विमानही तो कदाचित सावरून आणील. पण पुढे हेच विमान पंचविशीतील एखाद्या तरुण अधिकाऱ्याला, रात्रीच्या वेळी, वादळी हवेत, थकलेल्या अवस्थेत उतरवायचे असते. म्हणून ‘मला जमले’ असे म्हणून चाचणी-वैमानिकाचे काम संपत नाही. ‘हे त्याला जमेल काय?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर त्याला द्यावे लागते.

हे उत्तर केवळ भावनेवर सोपवून चालत नाही. वैमानिकाच्या मताला मोजमापाची जोड असावी यासाठी जॉर्ज कूपर आणि रॉबर्ट हार्पर या अमेरिकन तज्ज्ञांनी १९६९ मध्ये दहा पायऱ्यांची एक श्रेणी तयार केली. ती आज जगभर वापरली जाते. विमान हाताळण्यास उत्तम असेल तर एक, आणि ठरवलेले काम करताना नियंत्रणच सुटत असेल तर दहा. वैमानिक एकदम आकडा सांगत नाही. विमान नियंत्रणात राहते काय? सोसवेल इतक्या श्रमांत अपेक्षित काम होते काय? सुधारणा न करता ते स्वीकारता येईल काय? अशा प्रश्नांची एकामागून एक उत्तरे देत तो त्या आकड्यापर्यंत पोचतो. त्यामुळे दोन वैमानिकांचे मत भिन्न पडले तरी ते नेमके कोठे भिन्न पडले हे अभियंत्यांना कळते.

जमिनीपासून आकाशापर्यंत

मरुतच्या निर्मितीची कथा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धातील फोके-वुल्फ १९० या प्रसिद्ध विमानाचे आराखडाकार प्रा. कुर्ट टँक १९५६ मध्ये भारतात आले आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या बंगळूर येथील कारखान्यात त्यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. या कारखान्याची जमीन तोपर्यंत काही ओसाड नव्हती. कोल्हापूरच्या परिसरात जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिकीचे शिक्षण घेतले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एच. टी. २ हे प्रशिक्षण-विमान १९५१ मध्येच उडाले होते. विमान आखणे, बांधणे आणि पारखून घेणे या तिन्ही गोष्टींचा प्राथमिक अनुभव बंगळूरला अशा रीतीने मिळालेला होता.

वायुसेनेची मागणी मात्र फार मोठी होती. ध्वनीच्या दुप्पट वेग, सुमारे १८,००० मीटर उंची आणि सुमारे ८०० किलोमीटर त्रिज्येचा लढाऊ पल्ला एवढी कामगिरी एकाच विमानाकडून अपेक्षित होती. असे विमान एकदम धातूत घडवून आकाशात सोडणे हे धाडस ठरले असते. म्हणून प्रथम त्याच मापाचे, त्याच आकाराचे एक लाकडी ग्लायडर तयार करण्यात आले. त्यास इंजिन नव्हते. डकोटा विमानाच्या मागे दोर बांधून ते उंच नेले जाई आणि तेथे सोडून दिले जाई. १९५९ पासून या ग्लायडरची ७८ उड्डाणे झाली. पंखांची मागे झुकलेली ठेवण मंद वेगात कशी वागते, सुकाणू व इतर नियंत्रणे कितपत जोर मागतात, उतरताना नाक केव्हा खाली पडते, ही माहिती त्यातून मिळाली. अखेर एका उतरणीच्या वेळी पुढचे चाक बाहेर आले नाही आणि ग्लायडरची मोडतोड झाली. मात्र तोपर्यंत त्याने आपले काम केले होते. जो दोष लाकडात कळतो त्याची किंमत थोडी पडते. तोच दोष धातूत आणि दोन इंजिने चालू असताना कळला तर फार महाग पडतो.

प्रत्यक्ष विमान उडू लागल्यावरही पाऊल एकेकच टाकायचे असते. पहिल्या उड्डाणात वेग मर्यादित ठेवला जातो. पुढील उड्डाणांत वेग आणि उंची थोडी थोडी वाढवीत नेतात. प्रत्येक उड्डाणासाठी चाचणीपत्रक असते. कोणत्या उंचीवर, कोणत्या वेगाला, कोणती हालचाल करावयाची हे त्यात लिहिलेले असते. वैमानिकाने त्याबाहेर जायचे नसते. ठरावीक वेगापुढे पंख अथवा शेपटी फडफडू लागण्याचा धोका असतो. ही फडफड एकदा वाढू लागली की काही क्षणांत विमानाचे तुकडे होऊ शकतात. म्हणून वेगाच्या प्रत्येक नव्या पायरीवर थांबून, कंपनांच्या नोंदी तपासून, मगच पुढची पायरी चढावयाची असते. त्यानंतर वेग कमी करीत नेऊन पंखांवरील उत्थापन केव्हा संपते, गिरकीत सापडलेले विमान बाहेर कसे काढावे, आडव्या वाऱ्यात ते कसे उतरते, याची पारख होते. त्याहीपुढे शस्त्रांच्या चाचण्या असतात. मरुतच्या नाकात ३० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या. अशा तोफा झाडल्या जाताना निर्माण होणारे कंपनसुद्धा हाताळणीचाच भाग मानावे लागते.

एक इंजिन बंद पडले तर?

दोन इंजिने असलेले विमान एक इंजिन असलेल्या विमानापेक्षा दुप्पट सुरक्षित, असा समज पुष्कळांचा असतो. तो सर्वस्वी खरा नाही. दोन्ही पंखांवर एकेक इंजिन असलेल्या विमानाचे एक इंजिन बंद पडले की एका बाजूचा रेटा नाहीसा होतो आणि दुसऱ्या बाजूचा रेटा विमानास वळवू लागतो. एका बाजूचा बैल बसला आणि दुसरा ओढीत राहिला तर गाडी जशी रस्ता सोडते, तसाच हा प्रकार आहे. वैमानिकास सुकाणूचा पाय दाबून विमान सरळ ठेवावे लागते. सुकाणूचे बळ वेगावर अवलंबून असते. वेग कमी झाला की ते बळ घटते, चालू इंजिनाची ओढ मात्र तशीच राहते. म्हणजे असा एक वेग असतो की त्याखाली पूर्ण पाय दाबूनही विमान सरळ राहत नाही. यास किमान नियंत्रण-वेग म्हणतात. हा वेग नेमका किती हे कागदावरील गणित अंदाजाने सांगते, निश्चित आकडा चाचणी-वैमानिकास प्रत्यक्ष हवेत शोधावा लागतो. दोन इंजिने पंखांत असलेले कॅनबेरा हे बाँबफेकी विमान भारतीय वायुसेनेत १९५७ पासून २००७ पर्यंत होते. ब्रिटनमध्ये एका इंजिनावर उडण्याच्या सरावातच अनेक कॅनबेरा विमाने आणि वैमानिक गमावले गेले, ही वस्तुस्थिती या प्रश्नाचे गांभीर्य दाखविते.

मरुतमध्ये ही अडचण आखणीतच बरीच कमी केलेली होती. त्याची ऑर्फियस जातीची दोन इंजिने धडात एकमेकांशेजारी बसविलेली होती. मध्यरेषेच्या जवळ असल्याने एक बंद पडले तरी विमान फारसे वळत नसे. प्रश्न उरे तो रेट्याचा. प्रत्येक इंजिनाचा रेटा सुमारे २,२०० किलोग्रॅम होता. त्यातील निम्मे बळ गेले तर विमान उंची राखू शकते काय, वजन किती असताना राखू शकते, बंगळूरसारख्या समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या ठिकाणी काय होते आणि उन्हाळ्यातील विरळ, तापलेल्या हवेत काय होते, हे सारे तपासावे लागते. या चाचणीचाही क्रम ठरलेला असतो. प्रथम भरपूर उंचीवर एका इंजिनाची गती किमान पातळीवर आणतात. मग ते पूर्ण बंद करतात. मग ते हवेतच पुन्हा सुरू करून पाहतात. जेट इंजिन हवेत कोणत्याही उंचीला आणि कोणत्याही वेगाला पुन्हा पेट घेत नाही, त्यासाठी ठरावीक पट्टा असतो आणि तो पट्टाही शोधून काढावा लागतो. या पायऱ्या चढून झाल्यावरच एका इंजिनावर उतरण्याचा विचार करावयाचा.

दुसरी दक्षता नियंत्रणांची होती. मरुतची नियंत्रणे द्रवदाबाच्या शक्तीवर चालत. तो दाब गेला तर ती आपोआप हाताच्या बळावर येत. हाताने विमान सांभाळणे कष्टाचे असते, पण अशक्य नसते. ‘अशक्य नाही’ हे कोणी तरी आधी हवेत सिद्ध करून दाखविले पाहिजे, तेव्हाच ते वैमानिकाच्या पुस्तिकेत लिहिता येते.

या साऱ्या कष्टांचे फळ डिसेंबर १९७१ च्या युद्धात मिळाले. राजस्थानच्या आघाडीवर मरुत विमानांनी शत्रूच्या भूदलावर व दळणवळणावर हल्ले केले. खालून उडणाऱ्या तोफांच्या माऱ्याला त्यांना तोंड द्यावे लागले. किमान तीन प्रसंगी माऱ्याने एक इंजिन निकामी होऊनही मरुत विमाने आपल्या तळावर परतली. त्यांपैकी एकाने तर शत्रूच्या प्रदेशातून सुमारे २४० किलोमीटर अंतर एका इंजिनावर तोडले. नियंत्रणांचा द्रवदाब गेल्यावर हाताच्या बळावर परत आणलेली विमानेही होती. हे वैमानिक शूर होते यात शंका नाही. पण एका इंजिनावर आपले विमान घरी पोचू शकते, हा त्यांचा विश्वास केवळ शौर्यातून आलेला नव्हता. बंगळूरच्या आकाशात, शांततेच्या काळात, कोणी तरी ते इंजिन मुद्दाम बंद करून पाहिले होते.

चाचणी काय देऊ शकत नाही

चाचणी विमानाचे दोष दाखविते. त्याला जे मुळात मिळालेले नाही ते ती देऊ शकत नाही. मरुतची आखणी ऑर्फियसच्या अधिक बलवान आवृत्तीसाठी झाली होती. त्या इंजिनाचा विकास परदेशात थांबला आणि खर्चाचा वाटा उचलून तो पुढे नेण्याचा निर्णय भारतात झाला नाही. मग दुसऱ्या इंजिनांचा शोध सुरू झाला. १९६७ मध्ये इजिप्तमध्ये एका मरुत विमानात एक ऑर्फियस आणि दुसरे तेथे विकसित होत असलेले ई-३०० इंजिन बसवून उड्डाणे करण्यात आली. या चाचण्यांत भारतीय चाचणी-वैमानिक कपिल भार्गव यांचा वाटा होता. एकाच विमानात दोन भिन्न स्वभावांची इंजिने असण्याचा हा विलक्षण प्रयोग होता. परंतु इजिप्तचा तो प्रकल्प १९६९ मध्ये बंद पडला आणि ही वाटही खुंटली.

तिसरा प्रयत्न देशातच झाला. ऑर्फियसमधून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत पुन्हा इंधन जाळून रेटा वाढविण्याची व्यवस्था बंगळूर येथे तयार करण्यात आली आणि ती बसविलेल्या मरुतच्या चाचण्या सुरू झाल्या. १० जानेवारी १९७० रोजी या विमानाने उड्डाण घेतले आणि ते लगेच कोसळले. त्यात ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. मरुतला पहिल्यांदा आकाशात नेणारा, १९६४ मध्ये ‘किरण’ या प्रशिक्षण-विमानाचे पहिले उड्डाण करणारा आणि भारतातील चाचणी-उड्डाणाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असा वैमानिक देशाने गमावला. एकूण १४७ मरुत विमाने बांधली गेली आणि त्यांनी आपली सेवा चोख बजावली. पण ध्वनीच्या दुप्पट वेगाचे मूळ स्वप्न इंजिनाअभावी अपुरेच राहिले. हे अपुरेपण चाचणीच्या अहवालांनी लपविले नाही, हे त्या अहवालांचे श्रेय होय.

कार्यपद्धतीचीही परीक्षा

चाचणीच्या कामास स्थायी स्वरूप यावे म्हणून वायुसेनेने १९७२ मध्ये बंगळूर येथे विमाने व प्रणाली यांच्या चाचणीची स्वतंत्र संस्था स्थापन केली. पुढील वर्षी चाचणी-वैमानिकांची शाळा सुरू झाली. जगात अशा शाळा मोजक्याच आहेत. तेथे वैमानिकांबरोबर चाचणी-अभियंतेही शिकतात, कारण उड्डाण एकट्याचे नसते. हवेतील वैमानिक आणि जमिनीवर आकडे वाचणारा अभियंता यांची भाषा एक असावी लागते. लष्करी विमानांना उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र देण्यासाठी १९९५ मध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटनेअंतर्गत ‘सेमिलॅक’ हे केंद्र स्थापन झाले. जो विमान बांधतो त्यानेच त्यास प्रमाणपत्र द्यावयाचे नाही, हे या व्यवस्थेमागील तत्त्व आहे.

तरीही या क्षेत्रात निष्काळजीपणास कधीच सवड मिळत नाही. राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या ‘सारस’ या दोन इंजिनी हलक्या विमानाचा दुसरा नमुना ६ मार्च २००९ रोजी बंगळूरजवळ बिडदी येथे कोसळला. वायुसेनेच्या चाचणी संस्थेतील तीन अधिकारी त्यात मृत्युमुखी पडले. बंद केलेले एक इंजिन हवेत पुन्हा सुरू करण्याची चाचणी त्यावेळी चालू होती. ही कार्यपद्धती सदोष होती आणि ती पुरेशी उंची नसताना अवलंबिली गेली, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. विमानाइतकीच कागदावरील कार्यपद्धतीही तपासून घ्यावी लागते, हा धडा तीन जीवांचे मोल देऊन मिळाला. सूचना लिहिणारा जमिनीवर असतो आणि पाळणारा आकाशात. म्हणून लिहिणाऱ्याची जबाबदारी अधिक.

महाराष्ट्रातील कसोटी

या विद्येचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. नाशिकजवळ ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग जातीची विमाने बांधली गेली आणि पुढे सुखोई-३० एमकेआय हे दोन इंजिनी लढाऊ विमानही तेथे तयार झाले. अंतराळात जाणारे पहिले भारतीय विंग कमांडर राकेश शर्मा अंतराळयात्रेनंतर याच नाशिक विभागात चाचणी-वैमानिक होते. येथील काम नव्या नमुन्याच्या चाचणीहून निराळे आहे. नमुन्याच्या चाचणीत ‘ही आखणी योग्य आहे काय?’ हा प्रश्न असतो. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विमानाच्या बाबतीत ‘हे विमान त्या आखणीप्रमाणे बनले आहे काय?’ असे विचारावे लागते. शंभर विमाने निर्दोष निघाली म्हणून एकशेएकाव्या विमानाची चाचणी टाळता येत नाही. त्याच्या पत्रकावरील प्रत्येक ओळ पुन्हा भरावी लागते.

‘काम पूर्ण झाले’ असा दाखला देण्याचे प्रसंग गावोगावी येतात. बंधाऱ्यावर, पाणीपुरवठा योजनेवर, शाळेच्या नव्या खोलीवर सही करणारे हात या श्रोतृवर्गातही असतील. चाचणी-वैमानिकाच्या अहवालाची रीत त्यांना उपयोगी पडेल. त्यात ‘समाधानकारक’ हा एकच शब्द कधी पुरत नाही. कोणत्या वजनाला, कोणत्या हवेत, किती वेळा पाहिले हे लिहावे लागते. जे पाहिले नाही ते ‘पाहिले नाही’ असेच लिहावे लागते. आणि विमान अयोग्य वाटले तर वरिष्ठ, कारखाना, समारंभाची ठरलेली तारीख यांपैकी कशाचीही पर्वा न करता तसे नोंदवावे लागते. अशा नोंदीने नाराजी होते, वेळापत्रक पुढे ढकलले जाते, खर्च वाढतो. तथापि ती नोंद ऐकून घेण्याची सवय ज्या व्यवस्थेस असते, तिची विमाने एका इंजिनावरही घरी परततात.

बंगळूरच्या जुन्या विमानतळाजवळील एका रस्त्यास सुरंजन दास यांचे नाव दिलेले आहे. त्या धावपट्टीवरून आजही चाचणीची विमाने उड्डाण घेतात, आणि प्रत्येक वैमानिकाच्या मांडीवर त्या दिवसाचे चाचणीपत्रक बांधलेले असते.